पहिलं लॉ स्कूल कोणतं, आणि लिचफील्डच्या वह्यांत काय होतं

प्रश्न असा आहे: अमेरिकेतलं पहिलं लॉ स्कूल म्हणून कुणी विल्यम अँड मेरीचं नाव घेतं, कुणी हार्वर्डचं, तर कुणी लिचफील्डचं. यातलं खरं कोणतं? आणि कनेटिकट राज्यातल्या लिचफील्डसारख्या डोंगरातल्या लहान गावी असं काय शिकवत होते, की तिथून दोन उपराष्ट्राध्यक्ष आणि तीन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती निघाले?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देता येतं. व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७९ साली कायद्याचं अध्यासन सुरू झालं. टॉमस जेफरसन तेव्हा गव्हर्नर होते आणि प्राध्यापक नेमले गेले जॉर्ज विथ. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल १७८० मध्ये त्यांच्या व्याख्यानांना बसले होते. पण ते कॉलेजातलं एक अध्यासन होतं, कायद्यासाठी उभी केलेली स्वतंत्र शाळा नव्हे. शिवाय यादवी युद्धात कॉलेज बंद पडलं आणि कायद्याचं शिक्षण तिथे नीट पुन्हा उभं राहायला विसावं शतक उजाडलं. हार्वर्डचं लॉ स्कूल १८१७ चं. त्याचा दावा आहे तो तेव्हापासून अखंड चालू असल्याचा, आणि तो खरा आहे. लिचफील्ड वेगळं: फक्त कायदा शिकवणारी, कुठल्याही कॉलेजशी न जोडलेली, देशभरातून विद्यार्थी येणारी पहिली शाळा. म्हणजे 'पहिलं' या शब्दाचा अर्थ काय धरता त्यावर उत्तर ठरतं. माझ्या मते मान लिचफील्डचा, कारण आजच्या लॉ कॉलेजात आपण जे ओळखतो, म्हणजे विषयवार अभ्यासक्रम, रोजचं लेक्चर, आठवड्याची परीक्षा, मूट कोर्ट (सरावासाठी चालवलेलं नकली न्यायालय), ते सगळं एका छपराखाली ठरलेल्या वेळापत्रकात तिथे चालत होतं.

स्थापनेचं सालही दोन-तीन तऱ्हेनं दिलेलं आढळतं. १७७४ लिहिणारे ॲरन बर यांच्यापासून मोजतात. बर हे शाळा काढणाऱ्या टॅपिंग रीव्ह यांचे मेहुणे, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले. कायदा शिकायला ते १७७४ मध्ये त्यांच्याकडे येऊन राहिले. पण घरी राहून बहिणीच्या नवऱ्याकडे शिकणारा एक तरुण म्हणजे शाळा नव्हे. विद्यार्थी घराच्या खोलीत मावेनात म्हणून रीव्ह यांनी १७८४ साली घराशेजारी एका खोलीची लाकडी इमारत बांधली. शाळेची सुरुवात तिथून धरणं जास्त योग्य.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तिथे शिकवत काय होते त्याकडे. त्याआधी लिचफील्ड नसतं तर तरुण वकील कसा घडत असे, ते डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे नवा वकील सीनियरच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून बसतो, तसंच तिथे वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करावी लागे. फरक एवढाच, की आपला ज्युनिअर पदवी आणि सनद घेऊन येतो, तिथे कायद्याचं पहिलं अक्षरही कचेरीतच शिकायचं. वर सीनियरला फी द्यायची आणि बदल्यात समन्सं, दावे, गहाणखतं यांच्या नकला हातानं काढत बसायचं. रिकाम्या वेळात इंग्लिश कायद्यावरचे ब्लॅकस्टोनचे चार खंड वाचायचे. त्यांची अमेरिकी आवृत्ती फिलाडेल्फियात १७७१–७२ मध्ये निघाली होती, म्हणून ते निदान मिळत तरी. त्यानंतर लिटलटनच्या जमीनहक्कांवरच्या जुन्या ग्रंथावरचं कोकचं भाष्य हाती येई. ते इतकं तुटक आणि किचकट, की हुशार मुलंही त्यात अडकून पडत.

या पद्धतीत तीन गोष्टी हमखास बिघडत. सीनियरकडे ज्या प्रकारची कामं येत तेवढाच कायदा शिकायला मिळे. जमिनीच्या वादांवर जगणाऱ्या वकिलाकडे विम्याचा किंवा जहाजमालाचा कायदा कुठून येणार? दुसरं, सीनियर कोर्टात गेला की शिकवणारं कुणी नाही. तिसरं सगळ्यात अवघड: स्थानिक न्यायालयांनी आधी काय ठरवलं आहे, हेच समजायची सोय नव्हती. न्यायाधीश तोंडी निकाल सांगत, तो वकिलांच्या आठवणीत किंवा खासगी टिपणांत राही. कनेटिकटच्या विधिमंडळानं १७८० च्या दशकात वरिष्ठ न्यायाधीशांना कारणं लेखी द्यायला लावली. त्यानंतर इफ्रेम कर्बी या वकिलानं १७८९ मध्ये निकालांचा संग्रह छापला. अमेरिकेतल्या निकालसंग्रहांचा पहिला पूर्ण खंड म्हणून तो ओळखला जातो, आणि तो छापला गेला लिचफील्डमध्येच. हा निव्वळ योगायोग नाही. कायदा कागदावर आणायचा, ही धडपड त्या गावात दोन्ही बाजूंनी चालू होती.

रीव्ह मुळात शिक्षक. जन्म १७४४, न्यूयॉर्क प्रांतातल्या लाँग आयलंडवर, घर पाद्र्याचं. प्रिन्स्टनचं तेव्हाचं नाव कॉलेज ऑफ न्यू जर्सी. तिथून १७६३ मध्ये पदवी. मग एलिझाबेथटाउनला शाळेत शिकवणं, आणि त्याच काळात आईवडील गेलेल्या सॅली आणि ॲरन या बर भावंडांची शिकवणी. सॅलीशीच पुढे लग्न झालं. हार्टफर्डला जेसी रूट यांच्याकडे कायदा शिकून १७७२ मध्ये सनद घेतली आणि ते लिचफील्डला स्थायिक झाले. शिकवण्याची सवय आधीची आणि वकिली नंतरची, हा क्रम महत्त्वाचा आहे. कायदा कुठून सुरू करायचा, कशानंतर काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना पडला तो यामुळे.

गावही आडवळणी नव्हतं. उत्तर-पश्चिम कनेटिकटच्या डोंगरात असलं तरी टपालगाड्यांच्या रस्त्यांवर होतं, आणि क्रांतियुद्धात सैन्याच्या सामानाचं कोठार होतं. १७७६ मध्ये न्यूयॉर्कला लोकांनी पाडलेल्या तिसऱ्या जॉर्जच्या पुतळ्याचं शिसं इथे आणून ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी गोळ्या ओतल्या; हिशेब ४२,०८८ गोळ्यांचा लिहून ठेवलेला आहे. ते घर आणि रीव्ह यांचं घर दोन्ही साउथ स्ट्रीटवर.

१७९८ मध्ये रीव्ह वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दौऱ्यावर जावं लागणार म्हणून त्यांनी आपलाच माजी विद्यार्थी जेम्स गूल्ड याला जोडीला घेतलं. गूल्ड येलचे, १७९१ चे पदवीधर. शाळेला जे शिस्तबद्ध रूप आलं त्याचं बरंच श्रेय गूल्ड यांचं आहे. दोघांची तऱ्हा अगदी वेगळी. रीव्ह बोलता बोलता विषयात शिरत, वाक्यं अर्धी सोडून पुढे जात. उतारवयात त्यांचा आवाज बसला होता आणि ते जवळजवळ कुजबुजत बोलत, तरी वर्ग कान देऊन ऐके. गूल्ड लिहून आणलेलं शांतपणे वाचत, आणि वेग असा ठेवत की प्रत्येक शब्द उतरवता यावा. म्हणून आज हाती असलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये गूल्ड यांची व्याख्यानं जास्त नीट सापडतात, आणि रीव्ह यांचा माणूस म्हणून प्रभाव वह्यांत कमी, आठवणींत जास्त दिसतो.

गूल्ड यांच्या आखणीत संपूर्ण कायदा ४८ शीर्षकांत विभागला होता. अभ्यासक्रम १४ महिन्यांचा. त्यात वसंतात आणि शरदात चार-चार आठवड्यांच्या दोन सुट्ट्या. म्हणजे शिकवणीचे सुमारे ५२ आठवडे. ४८ शीर्षकं आणि ५२ आठवडे पाहून आठवड्याला एक शीर्षक असा हिशेब काढाल तर फसाल. नवरा-बायको, मालक-नोकर, आईवडील-मुलं, पालक-पाल्य, खाणावळ चालवणारा आणि त्याच्याकडे उतरलेला गिऱ्हाईक, शेरीफ आणि तुरुंगाधिकारी ही शीर्षकं मोजक्या दिवसांत संपत. करार, कैफियतींचं (दोन्ही बाजू न्यायालयात लेखी जे म्हणणं मांडतात त्याचं) शास्त्र, पुरावा, जमिनीवरचे हक्क आणि हुंडी-वचनचिठ्ठीचा व्यापारी कायदा यांना आठवडेच्या आठवडे लागत. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी प्रवेश नव्हता. फी पहिल्या वर्षाला १०० डॉलर, दुसऱ्या वर्षाला ६०. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा, कारण शाळेला वसतिगृह नव्हतं. मुलं गावातल्या घरांत पैसे देऊन राहत.

दिवस असा जाई. सकाळी व्याख्यान, साधारण दीड तास. त्यात आधी नियम, मग तो नियम कशावर उभा आहे ते तत्त्व, मग अपवाद, आणि प्रत्येक विधानामागे आधार: कोणता निकाल, कोणता ग्रंथ, कोणतं पान. विद्यार्थी हे भराभर उतरवून घेत. उरलेला दिवस मोकळा वाटेल, पण खरं काम तेव्हाच सुरू होई. व्याख्यानात आलेला प्रत्येक आधार ग्रंथालयात जाऊन उघडायचा, शिक्षकानं सांगितलेला नियम तिथे खरोखर आहे का ते बघायचं, आणि मग स्वच्छ वही लिहायची. अभ्यासक्रम संपेपर्यंत अशा वह्या बांधून घेतल्या की पाच जाड खंड होत. ते कातडी बांधणीत घेऊन विद्यार्थी घरी परते. जॉर्जियात किंवा दक्षिण कॅरोलायनात कायद्याची पुस्तकं मिळणं दुरापास्त असताना हे पाच खंड म्हणजे वकिलाचं अख्खं ग्रंथालय असे. शाळा पदवी देत नव्हती, देण्याचा अधिकारही तिला नव्हता. विद्यार्थी बरोबर नेई ती ही वही.

शनिवारी त्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानांवर तोंडी परीक्षा. नियम सांगता येणं पुरेसं नसे, त्यामागचं कारण सांगावं लागे. आणि आठवड्यातून एकदा मूट कोर्ट. आधी प्रश्न दिला जाई, दोन बाजू ठरत, युक्तिवाद होत आणि गूल्ड न्यायाधीशाच्या जागी बसून निकाल देत, कारणांसकट. ही मूट कोर्टं आजच्या स्पर्धांसारखी नव्हती. चषक नव्हता, पण निकाल विद्यार्थी वहीत उतरवून घेत, म्हणजे तोही अभ्यासाचा भाग होई.

इथे एक उदाहरण जवळून बघितल्याशिवाय त्या अभ्यासाचं मोल कळणार नाही. समजा, तुमचा घोडा शेजाऱ्याकडे आहे आणि तो देत नाही. आज आपण एक वादपत्र लिहू आणि मागणी मांडू. तेव्हाच्या कायद्यात आधी हे ठरवावं लागे, की कोणत्या प्रकारचा दावा लावायचा. शेजाऱ्यानं तो जबरदस्तीनं तुमच्या ताब्यातून नेला असेल तर ट्रेसपास. तुम्ही त्याला विश्वासानं ठेवायला दिला आणि आता तो परत करत नाही, तर डेटिन्यू. त्यानं तो परस्पर विकून टाकला किंवा आपलाच म्हणून वापरला, तर ट्रोव्हर. ट्रोव्हरच्या दाव्यात लिहावं लागे, की घोडा माझ्याकडून हरवला आणि प्रतिवादीला सापडला. हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत, पण 'हरवला-सापडला' ही कायद्यानं मान्य केलेली कल्पित गोष्ट होती आणि तिच्यावर प्रतिवादीला हरकत घेता येत नसे. दावा संपायच्या आधीच घोडा हातात हवा असेल तर रिप्लेव्हिन: तारण द्यायचं, शेरीफ जाऊन माल ताब्यात घेऊन तुम्हाला देई, मालकी कुणाची ते मागाहून ठरे.

या चारांपैकी चुकीचा प्रकार निवडला, की हक्क पूर्ण तुमचा असूनही दावा फेटाळला जाई. डेटिन्यूची तर वेगळीच अडचण होती. जुन्या इंग्लिश नियमाप्रमाणे प्रतिवादी शपथ घेऊन, आणि आपल्या शपथेवर विश्वास असल्याचं सांगणारे आणखी ११ जण उभे करून, पुराव्याशिवाय सुटू शकत असे. म्हणून अनुभवी वकील शक्य तिथे ट्रोव्हरकडे वळत. पुस्तकात ट्रोव्हरची व्याख्या वाचून हे कळत नाही. कोणता दावा कशासाठी टाळायचा, हे कुणीतरी शेजारी-शेजारी ठेवून दाखवावं लागतं, आणि लिचफील्डच्या शीर्षकांची मांडणी नेमकी तीच होती. एकामागून एक दाव्यांचे प्रकार, प्रत्येकाची हद्द आणि दोन हद्दी जिथे एकमेकींवर येतात ती जागा.

त्यानंतर कैफियती. वादीचा दावा, त्यावर प्रतिवादीचं उत्तर, त्यावर वादीचं प्रत्युत्तर, पुन्हा प्रतिवादीचं, असं चालत शेवटी दोघांत एकच मुद्दा वादाचा उरला पाहिजे. उत्तर देताना 'तुझं सगळं खरं धरलं तरी कायद्यानं तुला काही मिळत नाही' असं म्हणायचं असेल तर डिमरर. पण डिमरर करताना समोरच्याच्या वस्तुस्थितीला कबुली दिल्यासारखं होतं, म्हणून तो कधी करायचा हे नीट जोखावं लागे. नवखे वकील इथेच आपटत. गूल्ड यांचं नाव या विषयाशी कायमचं जोडलं गेलं. दिवाणी कैफियतींच्या तत्त्वांवरचा त्यांचा ग्रंथ १८३२ मध्ये निघाला, आणि तो मुळात याच व्याख्यानांतून तयार झालेला आहे.

या कोरड्या वाटणाऱ्या प्रकारांत माणसाचं आयुष्य कसं अडकलेलं असे, याचा एक खटला रीव्ह यांच्याच कामातला आहे. मॅसेच्युसेट्सच्या शेफील्ड गावात जॉन ॲश्ली यांच्या घरी बेट नावाची गुलाम स्त्री होती, आणि ब्रॉम नावाचा गुलाम. बेटनं वकील थिओडोर सेजविक यांना गाठलं; राज्याच्या १७८० च्या संविधानात सगळी माणसं स्वतंत्र आणि समान जन्मतात असं लिहिलं आहे, मग ते मला का लागू नाही, असा तिचा प्रश्न होता. सेजविक यांच्या जोडीला रीव्ह उभे राहिले. आणि दावा कोणता? रिप्लेव्हिन. जो दावा अडवून ठेवलेला माल सोडवायला लावतात, तो इथे अडवून ठेवलेली माणसं सोडवायला लावला. शेरीफ गेला, ॲश्ली यांनी ही माझी जन्माची नोकरमाणसं आहेत म्हणून नकार दिला, आणि प्रश्न न्यायालयात आला तो नेमका हाच: ही माणसं त्याच्या मालकीची आहेत की नाहीत? ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्यूरीनं सांगितलं, नाहीत. भरपाई ठरली ३० शिलिंग. ॲश्ली यांनी अपील केलं, पण पुढे मागे घेतलं. बेट पुढे एलिझाबेथ फ्रीमन या नावानं जगली. दाव्याचा प्रकार अचूक निवडला की न्यायालयासमोर कोणता प्रश्न उभा राहतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

विवाहित स्त्रीच्या बाबतीतही रीव्ह यांची भूमिका त्यांच्या काळाच्या पुढे होती. ब्लॅकस्टोन सांगतो, की लग्नानंतर कायद्याच्या नजरेत नवरा-बायको एकच व्यक्ती होतात. १८१६ मध्ये निघालेल्या कौटुंबिक नात्यांच्या कायद्यावरच्या ग्रंथात रीव्ह यांनी हे तत्त्व सरळसरळ नाकारलं. प्रत्यक्षातले अनेक नियम स्त्रीला वेगळी व्यक्ती मानूनच चालतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलांनी हे वर्गात ऐकलं असलं तरी वर्गात फक्त मुलगेच होते. त्याच गावात सारा पियर्स यांनी १७९२ मध्ये मुलींची शाळा काढली होती, तिथे अनेक वर्षांत मिळून सुमारे ३००० मुली शिकल्या. दोन्ही शाळांच्या विद्यार्थ्यांची लग्नं जुळली, ही गोष्ट त्या काळच्या पत्रांत वारंवार येते.

काय शिकवत नसत, हेही सांगायला हवं, कारण तिथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. इतके राजकारणी निघाले म्हणजे संविधान जोरात शिकवत असतील, असं वाटतं. तसं नाही. भर होता तो खासगी वादांवर: करार, व्यापार, जमीन, मृत्युपत्र, दावे, पुरावा. फौजदारी कायदाही मोजकाच. राजकीय मतं नसत असं मात्र नाही. रीव्ह कट्टर फेडरलिस्ट, म्हणजे जेफरसन यांच्या विरोधी पक्षाचे होते आणि वर्तमानपत्रात जेफरसन यांच्यावर त्यांनी इतकं कडक लिहिलं, की १८०६ मध्ये त्यांच्यावर राष्ट्राध्यक्षांच्या बदनामीचा आरोप ठेवला गेला. तो पुढे चालवला मात्र गेला नाही.

मग इतकी माणसं कशी घडली? एकूण विद्यार्थी ११०० च्या वर. १८१३ मध्ये एकाच वेळी ५५ होते. बर (त्यांची घरची शिकवणी धरून) आणि जॉन कॅल्हून हे दोन उपराष्ट्राध्यक्ष. हेन्री बॉल्डविन, लेव्हाय वुडबरी आणि वॉर्ड हंट हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. शंभरावर काँग्रेस सदस्य, २८ सिनेटर. शिक्षणसुधारक होरेस मान इथले, आणि मूळ रहिवाशांची चित्रं काढणारे जॉर्ज कॅटलिनही. अमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या बाजूनं लढलेले रॉजर शर्मन बॉल्डविनही इथेच शिकलेले, आणि गुलामगिरीचा जाहीर कैवार घेणारे कॅल्हूनही. शाळा मतं घडवत नव्हती; कुठल्याही बाजूनं उभं राहता येईल अशी मुद्दा मांडायची ताकद देत होती. हे चांगलं की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण निवड आधीच झालेली होती, हेही विसरू नका: बरेचसे विद्यार्थी कॉलेजचे पदवीधर, घरचे सुस्थितीतले. १०० डॉलर फी आणि वर राहण्याचा खर्च सगळ्यांना परवडणारा नव्हता. सगळं श्रेय शाळेला देणं चुकीचं होईल.

शाळा बंद का पडली, याचं कारण तिच्या गुणातच आहे. लिचफील्डची ताकद हस्तलिखित वहीत होती. जोवर अमेरिकी कायदा छापील पुस्तकात सापडत नव्हता तोवर त्या वहीला तोड नव्हती. मग अमेरिकी कायद्यावरच्या जेम्स केंट यांच्या भाष्याचे चार खंड १८२६ ते १८३० मध्ये निघाले, प्रत्येक राज्याचे निकालसंग्रह छापले जाऊ लागले, आणि वर्षभर बसून हातानं पाच खंड लिहायची गरज उरली नाही. शिक्षणाची रीतही इतरांनी उचलली. मॅसेच्युसेट्सच्या नॉर्थम्प्टनला १८२३ मध्ये अशाच धर्तीची शाळा निघाली. न्यू हेवनची खासगी शाळा १८२४ पासून येलच्या यादीत आली. हार्वर्डचं लॉ स्कूल १८२९ मध्ये इतकं खालावलं होतं की जेमतेम विद्यार्थी उरले होते. तेव्हा नेथन डेन यांनी १०,००० डॉलर दिले, त्या अध्यासनावर न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी आले आणि चित्र पालटलं. कॉलेजला जोडलेल्या शाळेकडे देणगी, ग्रंथालय आणि पदवीचा अधिकार असतो. लिचफील्डची शाळा दोन माणसांच्या उत्पन्नावर आणि त्यांच्याच पुस्तकांवर चाललेली. रीव्ह १८२० मध्ये शिकवण्यातून बाजूला झाले आणि १८२३ मध्ये वारले. गूल्ड यांनी जेबेझ हंटिंग्टन यांची मदत घेतली, आपल्या नॉर्थ स्ट्रीटच्या घराशेजारी स्वतःची शिकवायची इमारतही बांधली होती, पण प्रकृती साथ देईना. १८३३ मध्ये शाळा थांबली. गूल्ड १८३८ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर शिकवलेल्या कैफियतींच्या शास्त्राचा पाया न्यूयॉर्कनं १८४८ ची नवी दिवाणी प्रक्रिया संहिता आणून उखडला.

वह्या वाचायला जाणार असाल तर काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. येल, हार्वर्ड आणि लिचफील्डच्या इतिहास संस्थेकडे त्या मोठ्या संख्येनं आहेत. वहीत लिहिलेलं म्हणजे रीव्ह किंवा गूल्ड यांचे शब्द, असं धरून चालू नका. तीन थर असतात: शिक्षक बोलले ते, मुलानं घाईत टिपलं ते, आणि ग्रंथ उघडून नंतर नीट लिहिलं ते. काही मुलांनी तर आधीच्या तुकडीच्या वहीवरून नक्कल केली, त्यामुळे एकच चूक दोन-तीन वह्यांत तशीच सापडते. एकाच शीर्षकाच्या निदान दोन वेगळ्या वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. समासातली संक्षिप्त नावं आधी शिकून घ्या. 'को. लिट.' म्हणजे लिटलटनवरचं कोकचं भाष्य, 'साल्क.' म्हणजे साल्केल्ड यांचा निकालसंग्रह, 'टी. आर.' म्हणजे टर्म रिपोर्ट्स, तोही इंग्लिश निकालसंग्रहच. आणि समासात 'बर.' दिसलं की ते ॲरन बर नव्हेत, ते बरो यांचे रिपोर्ट्स, म्हणजे निकालसंग्रह. ही गल्लत खरोखर होते.

कनेटिकटचा नियम इंग्लंडपेक्षा वेगळा असेल तिथे वहीत तसा वेगळा उल्लेख असतो. तो उल्लेख नसेल तर तिथे इंग्लिश नियमच सांगितला आहे असं समजायचं, तो कनेटिकटमध्ये पाळला जाई असं नव्हे. आणि विद्यार्थ्यांच्या छापील यादीवर आकडेवारी उभी करताना जपून, कारण ती यादी १७९८ पासूनची आहे. त्याआधीची नावं नंतर पत्रं, आठवणी आणि वह्यांवरून जुळवलेली आहेत, म्हणून सुरुवातीच्या चौदा वर्षांची संख्या नेहमीच अंदाजाची असते.

रीव्ह यांचं घर आणि एका खोलीची ती इमारत आज संग्रहालय म्हणून बघता येते. १९६५ पासून त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. मधल्या काळात शाळेची इमारत जागेवरून हलवली गेली होती, ती विसाव्या शतकात परत घराशेजारी आणली. त्यामुळे आत उभं राहून खिडक्यांच्या दिशा आणि घरापासूनचं अंतर मोजाल तर ते मूळचंच आहे असं मानू नका. खोलीचा आकार मात्र बघून घ्या, आणि तिथे जास्तीत जास्त किती जणांना मांडीवर वही ठेवून लिहिता आलं असेल याचा अंदाज करा. मग रीव्ह यांची खोली असताना गूल्ड यांना नॉर्थ स्ट्रीटवर दुसरी का बांधावी लागली, ते लगेच उमगेल.